नवे घर थंड कसे राहील?



शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांत गेल्या काही वर्षांत पुष्कळ नवी घरे उभी राहिली. कुणाला घरकुल योजनेतून घर मिळाले. कुणी वीटभट्टीवर राबून पैसा साठवला आणि चार भिंती घातल्या. कुडाच्या जागी विटा आल्या. पेंढ्याच्या आणि कौलांच्या जागी पत्रा आला, नाहीतर स्लॅब आला. चांगली गोष्ट झाली. दर साली छप्पर शाकारण्याचा ताप गेला. वाऱ्यावादळाचे भय कमी झाले.

पण चैत्र लागला की दुसरीच तक्रार कानावर येते. "मास्तर, घर पक्कं झालं, पण दुपारी आत बसवत नाही. भट्टीत बसल्यावाणी वाटतं." धडधाकट माणसे उठून आंब्याखाली जातात. पण बाळंतिणीने कुठे जावे? अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीने कुठे जावे? आपला मुलूख समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. इथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तापलेले घर लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना बाधते. उष्माघाताने माणूस दगावतोसुद्धा. म्हणून घर थंड ठेवणे ही चैन नव्हे, ती गरज आहे.

जुने घर थंड का होते?

आपले जुने घर आठवा. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला आतून-बाहेरून माती आणि शेणाचा जाड लेप. वर पेंढ्याचे हातभर जाड छप्पर. बाहेर ऊन रणरणत असे, आत मात्र गारवा असे. यात जादू काय होती?

जादू हवेची होती. पेंढ्याची काडी आतून पोकळ असते. काडी-काडीच्या मध्येही फटी असतात. या सगळ्या जागेत हवा अडकून बसते. आणि अडकलेली, हलत नसलेली हवा उष्णतेला सहजी पुढे जाऊ देत नाही. तेवढ्याच जाडीचे सिमेंट काँक्रीट स्थिर हवेपेक्षा सुमारे ५० पट उष्णता पुढे धाडते. लोखंड तर हजारपटींहून जास्त धाडते.

पौष पौर्णिमेला म्हसा येथील जत्रेत आपण घोंगडी घेतो. घोंगडी काही स्वतः गरम नसते. तिच्या लोकरीत हवा अडकलेली असते. ती हवा आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. फडक्यात गुंडाळलेली भाकरी शेतावर नेईपर्यंत ऊन राहते, तीही याच कारणाने. जी गोष्ट आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, तीच बाहेरचे ऊन आत येऊ देत नाही. अशा थराला उष्णतारोधक थर म्हणतात. म्हणजे उष्णता अडवणारा थर.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. थर ओला झाला की हवेची जागा पाणी घेते, आणि मग तो थर कामाचा राहत नाही. भिजलेल्या घोंगडीत ऊब नसते, हे गुराख्याला सांगायला नको. आपल्याकडे वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा कोणताही थर निवडताना पहिला विचार पावसाचा करावा.

ऊन येते कुठून?

उन्हाळ्यात सूर्य दुपारी डोक्यावर असतो. म्हणून बैठ्या घरात सर्वांत जास्त उष्णता छपरातून येते. त्याखालोखाल पश्चिमेच्या भिंतीतून येते, कारण तिसऱ्या प्रहराचे ऊन तिच्यावर पडते. म्हणून खिशात थोडे पैसे असतील तर ते आधी छपरावर खर्च करावेत. भिंतींचे नंतर पाहता येईल.

पत्रा पातळ असतो. तो लगेच तापतो आणि चुलीसारखा शेक खाली देतो. पण सूर्य मावळला की लवकर निवतो. स्लॅबचे उलट आहे. तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. दिवसभर खाल्लेले ऊन तो रात्री खाली सोडतो. म्हणून पत्र्याच्या घरात दुपार कठीण जाते आणि स्लॅबच्या घरात रात्र कठीण जाते. दोघांचे दुखणे निराळे, म्हणून औषधही थोडे निराळे.

सर्वांत स्वस्त उपाय : पांढरा रंग

उन्हात काळे कापड घालून पाहा, मग पांढरे घालून पाहा. पांढरा रंग ऊन परतवून लावतो. गुजरातेत अहमदाबाद शहरात २०१० साली उन्हाच्या लाटेने फार माणसे गेली. तेव्हा २०१३ साली तिथे उन्हाळ्यासाठी खास योजना आखली गेली. पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे कामही तिथे सुरू झाले.

स्लॅबला चुना चालतो. कळीचा चुना रात्रभर भिजवावा, फडक्याने गाळावा, त्यात थोडा डिंक घालावा आणि दोन हात द्यावेत. फाल्गुनात हे काम उरकावे. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दर साली पुन्हा द्यावा. चुना भिजताना उकळतो. पोरांना दूर ठेवा आणि डोळे सांभाळा.

पत्र्यावर चुना टिकत नाही. शिवाय पत्र्यावरच्या जस्ताच्या मुलाम्यालाही तो बाधतो. पत्र्यासाठी दुकानात पांढरा रंग मिळतो, तो घ्यावा.

पत्र्याचे घर असेल तर

पत्र्याखाली दुसरे छत करावे. बांबूच्या तट्ट्या आपल्याकडे विणल्या जातात. पत्र्यापासून एक वीत खाली त्या वाशांना घट्ट बांधाव्यात. खालच्या बाजूने माती-शेणाचा लेप द्यावा. लेपाने फटी बुजतात आणि बांबू चटकन पेट घेत नाही. तट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये जी पोकळी राहते, तिची दोन्ही टोके उघडी ठेवावीत. त्यातून तापलेली हवा बाहेर निघून जाते. टोकांना बारीक जाळी मारावी, म्हणजे उंदीर शिरणार नाहीत. उंदीर आला की त्याच्या मागोमाग साप येतो.

या छताचा आणखी फायदा आहे. पावसाचा पत्र्यावरचा ताशा कमी ऐकू येतो. थंडीत पहाटे पत्र्याला घाम सुटतो, तोही थेट अंथरुणावर पडत नाही.

तीन गोष्टी पाळाव्यात. चुलीच्या वर तट्टी बांधू नये. तिथे धुराला वाट ठेवावी. विजेची तार तट्टीवर मोकळी टाकू नये, ती पाइपातून न्यावी. आणि पोकळीत पेंढा कोंबू नये. पूर्वी पेंढा उघड्यावर होता, डोळ्यांसमोर होता. बंद पोकळीतला पेंढा म्हणजे उंदरांना घर आणि आगीला निमंत्रण.

काही लोक उन्हाळ्यापुरता पत्र्यावर पेंढा पसरतात. दोरीने नीट बांधला, चुलीच्या धुराड्यापासून लांब ठेवला, तर उपाय चांगला आहे. पण मृग लागण्यापूर्वी तो काढलाच पाहिजे. ओला पेंढा पत्र्यावर कुजला की पत्रा गंजतो.

स्लॅबचे घर असेल तर

स्लॅबला ऊन लागूच न देणे हा उत्तम उपाय. वर मांडव घालावा. घोसाळी, दुधी, काकडी यांचे वेल चढवता येतात. पाण्याची सोय असेल तर सावलीही मिळते आणि भाजीही मिळते.

दुसरा उपाय विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. यामुळे गळती थांबते आणि ऊनही अडते. पण त्याचे वजन मोठे असते. ४ इंच जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर जाते. २०१६ सालच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घर निदान २५ चौरस मीटरचे असावे असे ठरले. एवढ्या घरावर असा कोबा घातला तर सुमारे ४ टनांचा बोजा झाला! म्हणून जाणत्या अभियंत्याला विचारल्याशिवाय कोबा घालू नये.

घर अजून बांधायचे असेल तर

ज्यांचा पाया नुकताच पडला आहे, ते भाग्यवान. त्यांना निवड करता येते. मंगलोरी कौलांचा विचार जरूर करावा. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास या कौलांचा कारखाना काढला, आणि तिथून ती कोकणभर पसरली. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. खाली लाकडी माळा घातला तर घर आणखी थंड राहते. माकडांचा उपद्रव असेल तिथे मात्र दोनदा विचार करावा.

स्लॅबच हवा असेल तर आणखी एक तोड आहे. केरळात राहून लॉरी बेकर (१९१७–२००७) या वास्तुशिल्पकाराने गरिबांसाठी स्वस्त घरे बांधली. सळ्यांच्या मधल्या जागेत ते जुन्या कौलांच्या जोड्या ठेवीत आणि मग वरून काँक्रीट ओतीत. दोन कौलांमध्ये हवा अडकते. काँक्रीटही कमी लागते. पण हे काम ज्याने आधी केले आहे अशा गवंड्याकडूनच करून घ्यावे.

दुकानातला माल घेताना

बाजारात थर्मोकोलचे तक्ते, चंदेरी कागद लावलेला फोम, दगडाची किंवा काचेची लोकर असे पुष्कळ प्रकार मिळतात. या सगळ्यांत कामाची वस्तू एकच, ती म्हणजे अडकलेली हवा. चंदेरी कागद पत्र्याचा शेकही परतवतो. पण तो पत्र्याला चिकटवला तर त्याचे हे काम होत नाही. चकाकणाऱ्या बाजूपुढे मोकळी जागा हवी.

घेण्याआधी दुकानदाराला चार प्रश्न विचारावेत.

१. हे पेटते का? थर्मोकोल पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

२. भिजले तर काय होईल?

३. उंदीर, वाळवी लागेल का?

४. याची जाडी किती? कागदासारख्या पातळ थरात हवा फारशी मावत नाही.

नीट उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवावेत.

काचेची लोकर उघडी ठेवू नये. अंगाला खाज सुटते. आणि जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कापू नयेत, फोडू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत. त्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ छातीत गेली तर पुढे कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो.

बिनपैशाचे उपाय

दुपारी उन्हाच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या. रात्री सगळ्या उघडा. गरम हवा वर चढते, म्हणून भिंतीत वरच्या बाजूला झरोके ठेवा. पश्चिमेला पडवी काढा. पडवी जमत नसेल तर तिथे शेवगा किंवा पपई लावा.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, एवढं सगळं एकदम कसं करणार?" एकदम करूच नका. या साली छपराला पांढरा रंग द्या. पुढच्या साली तट्टीचे छत करा. त्यानंतर पडवीचे पाहा. जुने घर पुन्हा बांधायला कुणी सांगत नाही. पण जुन्या घरातली अक्कल नव्या घरात न्यायला काय हरकत आहे?

करून पाहा

पत्र्याचे दोन सारखे तुकडे घ्या. एकाला चुना लावून वाळवा, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही तासभर उन्हात ठेवा. मग खालच्या बाजूने जपून हात लावा. कोणता जास्त तापला?

प्रश्न

१. पेंढ्याचे छप्पर घर थंड का ठेवते?

२. पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरात काय फरक आहे?

३. तुमच्या घराच्या पश्चिमेला काय आहे? तिथे काय करता येईल?