सुताराचा मुलगा, सुताराची मुलगी

संत मत्तय यांच्या शुभवर्तमानात (१३:५५) नाझरेथचे गावकरी प्रभू येशूला सुताराचा पुत्र म्हणून ओळखतात. संत मार्क यांच्या शुभवर्तमानात (६:३) तेच गावकरी त्याला स्वतःलाच सुतार म्हणतात. या दोन ओळखींच्या मध्ये एका मुलाचे सारे शिकणे सामावलेले आहे. करवत त्याच्या हाती प्रथम केव्हा आली, पहिला खिळा वाकला तेव्हा संत योसेफ काय म्हणाले, याविषयी चारही शुभवर्तमाने मौन पाळतात. मूळ ग्रीक 'तेक्तोन' या शब्दात लाकडाबरोबर दगडाचे बांधकाम करणारा कारागीरही येतो. तेव्हा ते काम केवळ पाट-चौरंगांचे नसावे, एवढे म्हणता येते. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून ठरवला. त्या दिवशी आपण श्रमाचा गौरव ऐकतो. परंतु त्या कार्यशाळेत एक लहान मूलही होते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर यांनी मात्र त्या मुलाकडे नीट पाहिले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील त्यांच्या चित्रात संत योसेफ वाकून तुळईला गिरमिटाने भोक पाडत आहेत आणि बाल येशू समोर बसून मेणबत्ती धरून आहे. ज्योतीच्या उजेडाने त्याची बोटे आरपार लाल दिसतात. मुलाच्या हाती अवजार नाही. तो उजेड दाखवतो आहे. लहान मुलाला सुतारकामात आणण्याची पहिली पायरी हीच आहे, असे आम्हांस वाटते: प्रथम धरणे, देणे, पाहणे. फळीचे दुसरे टोक धरायला मूल लागते आणि त्याला ते कळते, तेव्हा ते पाहुणे राहत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर आजोबांची अवजारांची पेटी पडून असेल. आमच्या घरीही होती. आमचे वडील सुतार नव्हते. पण दाराची बिजागरी, देव्हाऱ्याची फळी, नाताळचा गोठा हे सारे ते स्वतः करीत. आम्ही शिक्षण आणि नोकरीच्या मार्गाला लागलो, सकाळची लोकल आणि रात्रीची लोकल यांत दिवस जाऊ लागले आणि पेटीतील करवतीवर गंज चढला. ती पेटी पुन्हा खाली उतरवली ती आमच्या सहा वर्षांच्या कन्येने हट्ट धरला म्हणून. तिला गोठ्यासाठी गव्हाणी करायची होती, आणि ती विकतची चालणार नव्हती. (ही पेटी मुलाकडेच जायची, मुलीला कोणी हातोडी देत नसे, ही आपल्याकडील जुनी रीत. ती मोडायला हरकत नसावी.)

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला प्रश्न लाकडाचा. घरात सागाचे तुकडे असले तरी मुलासाठी साग नको. तो टणक असतो आणि त्यात सिलिकेचा अंश असल्याने करवतीची धार लवकर बोथट होते. फळांच्या व यंत्रांच्या खोक्यांचे पाइनचे लाकूड मऊ व हलके असते. आपल्याकडील पांगाराही तसाच. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी तो पूर्वापार वापरला जातो. परदेशातून आलेल्या मालाच्या लाकडी चौकटी वापरायच्या असल्यास त्यांवरील शिक्का पाहावा. इंग्रजी 'एचटी' अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णतेने कीडमुक्त केलेले असते. 'एमबी' असतील तर ते विषारी वायूने धुरावलेले असते, ते घरात आणू नये. प्लायवूड आणि एमडीएफ यांत रसायनमिश्रित गोंद असतो, म्हणून मुलाकडून ते कापून वा घासून घेऊ नयेत. जुने रंगवलेले लाकूडही घासायला देऊ नये. घरगुती रंगातील शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते, आणि लहान मुलाच्या मेंदूला ते घातक असते.

लाकूड हाती दिल्यावर लगेच हातोडी देऊ नये. आधी तळवा फिरवू द्यावा. एका दिशेने तो गुळगुळीत लागतो, दुसऱ्या दिशेने अडखळतो. लाकूड म्हणजे झावळीच्या हिरांची घट्ट बांधलेली मोळी, असे सांगितले की मुलाला चटकन समजते. मोळी उभी फाडणे सोपे, आडवी तोडायची तर प्रत्येक हीर कापावा लागतो. म्हणून आडव्या कापाला करवत लागते. पॉलिश पेपर नेहमी हिरांच्या दिशेने फिरवायचा, आडवा फिरवला तर ओरखडे उठतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढे काम एका रविवारी पुरते. अर्ध्या तासानंतर लक्ष उडते, आणि ते उडू द्यावे.

खिळा हे त्यापुढचे पाऊल. हातोडी खरी हवी. प्लॅस्टिकची हातोडी मुलाला लगेच कळते आणि त्याचा अपमान होतो. ती हलकी असावी, सुमारे दोनशे ग्रॅमची. खिळा बोटांत न धरता कपड्यांच्या चिमट्यात धरावा, म्हणजे घाव चुकला तरी तो चिमट्यावर बसतो. फळीच्या कडेजवळ खिळा मारला की फळी चिरते. यावर सुतारांची जुनी युक्ती आहे: खिळा उलटा धरून त्याच्या टोकावर एक हलका ठोका द्यायचा. टोकदार खिळा तंतूंना पाचरीसारखा बाजूला सारतो व फळी फाडतो. बोथट केलेला खिळा तंतू चिरडत आत शिरतो. आमच्या कन्येला ही गोष्ट इतकी आवडली की घरातील सर्व खिळ्यांची टोके तिने बोथट करून ठेवली.

करवतीची भीती बहुतेक पालकांना वाटते. परंतु फळी टेबलाला शिकंज्याने घट्ट आवळलेली असेल आणि मुलाचे दोन्ही हात मुठीवर असतील, तर पात्याखाली बोट जायला वावच उरत नाही. हाताने फिरवायच्या ड्रिलचेही तसेच. एक हात मुठीवर, दुसरा दांड्यावर; दोन्ही हात कामात असतात म्हणून सुरक्षित असतात. पटाशी मात्र थांबू शकते. आठ-नऊ वर्षांपर्यंत ती पेटीतच बरी, आणि पुढेही दोन्ही हात धारेच्या मागेच राहतील, हा नियम कधी मोडू नये. बोथट अवजार सुरक्षित असते ही समजूत चुकीची आहे. बोथट अवजाराला जोर लावावा लागतो आणि जोराने ते निसटते. पायांत बंद बूट, डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर मास्क हवा. लाकडाची धूळ ही मानवात कर्करोग निर्माण करणारी असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवले. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षे धुळीत राबणाऱ्या कामगारांचा, तरी भुसा झाडूने उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने टिपणे बरे. शेवटी लावायचे तेल साधे जवसाचे असावे. रंगाच्या दुकानातील 'बॉइल्ड' तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंची रसायने मिसळलेली असतात. आणि कोणतेही जवसाचे तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा बाहेर पसरून वाळवावीत.

एवढे सगळे करूनही बोट कधीतरी चेचणारच. १८५० साली लंडनमध्ये प्रदर्शित झालेल्या जॉन एव्हरेट मिले यांच्या चित्रात बाल येशूच्या तळव्याला योसेफांच्या कार्यशाळेत खिळ्याने जखम झाली आहे, आई जवळ गुडघे टेकून बसली आहे. पवित्र कुटुंब इतके साधे, इतके भुशाने माखलेले दाखवले म्हणून चार्ल्स डिकन्स यांनी त्यावर कडाडून टीका केली होती. आम्हांस ते चित्र खरे वाटते.

इथवर सांगितलेले सारे शिकता येते. कठीण भाग पुढे आहे आणि तो मुलाचा नसून पालकाचा आहे. एकोणिसाव्या शतकात फिनलंडचे उनो सिग्नेउस यांनी हस्तकलेला शाळेत स्थान मिळवून दिले; १८६६ साली तेथील शाळांत मुलांसाठी ती सक्तीची झाली. स्वीडनमध्ये नेस येथे ओटो सालोमोन यांनी 'स्लॉयड' या नावाने तिची शिस्तबद्ध पद्धत बसवली. सोप्याकडून कठीणाकडे जायचे आणि शेवटी घरात वापरता येईल अशी वस्तू तयार व्हायची, हे तिचे सूत्र. त्यातील एक नियम आम्ही फार उशिरा वाचला: शिक्षकाने विद्यार्थ्याच्या कामाला स्वतःचा हात लावू नये. दुरुस्ती करायची तर ती वेगळ्या तुकड्यावर करून दाखवावी. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, तोही आता आपण विसरलो आहोत.

आम्ही तो नियम मोडला. गव्हाणीचे चारही पाय कन्येने स्वतः ठोकले होते. दोन खिळे वाकलेले, एक पाय बाहेर झुकलेला. नाताळला आठवडा उरला होता, पाहुणे येणार होते. ती झोपल्यावर आम्ही वाकडे खिळे पकडीने उपटले, पाय सरळ केले, भोके लांबीने बुजवली. काम छान झाले होते. सकाळी तिने गव्हाणी उचलली, उलटी करून खिळे पाहिले आणि खाली ठेवली. "ही माझी नाही," एवढेच म्हणाली. रडली नाही. त्या वर्षी बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवायला ती पुढे आली नाही, तिच्या आईने ठेवली. जानेवारीत आम्ही पेटी काढली तेव्हा म्हणाली, "पप्पा, तुम्हीच करा. तुमचं सरळ होतं."

यानंतर तिने दहा महिने हातोडीला हात लावला नाही. आम्ही बोलावणे सोडून दिले. रविवारी मिस्साहून आल्यावर ओट्यावर बसून वडिलांच्या करवतीचा गंज घासत असू, कधी एखादी फळी कापत असू. आमचा काप वाकडा गेला तर तो तसाच ठेवू लागलो. ऑक्टोबरमध्ये एके दिवशी ती शेजारी येऊन उभी राहिली. संध्याकाळ झाली होती, ओट्यावरचा दिवा गेला होता. तिने आतून बॅटरी आणली आणि फळीवर उजेड धरला. आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "हा खिळा मी मारू?"

नवीन गव्हाणीचा एक पाय आखूड आहे. ती डगमगू नये म्हणून त्याखाली कन्येने जुन्या लग्नपत्रिकेची घडी घातली आहे. डिसेंबरमध्ये गोठा मांडताना ती घडी आधी शोधावी लागते. उरलेले सामान पेटीत सापडते. घडी मात्र ती स्वतःच्या दप्तरात ठेवते.