पिझ्झ्याचे दुकान : पाटी कंपनीची, कर्ज आपले



तालुक्याच्या गावी कॉलेजजवळ, एसटी स्टँडसमोर आता पिझ्झ्याची दुकाने दिसू लागली आहेत. मुले वाढदिवसाला केकबरोबर पिझ्झाही मागतात. मग गटाच्या बैठकीत प्रश्न येतो, "ताई, आपण का नाही काढायचं असं दुकान?" आमच्या भागातल्या दहा जणींच्या एका गटाकडे तर एका कंपनीचा प्रस्तावच आला आहे. गटाची बचत आणि बँकेचे कर्ज, दोन्ही त्यात घालायचे आहे. म्हणून आज आपण फ्रँचायझी म्हणजे काय आणि तिचा हिशेब कसा मांडायचा, ते पाहू या.

फ्रँचायझी म्हणजे दुसऱ्याच्या नावाने आपण चालवायचे दुकान. नाव, पाटी आणि पदार्थांची कृती कंपनीची. जागा, पैसा आणि राबणारे हात आपले. कंपनी शिकवते, माल पुरवते, जाहिरात करते. नवख्या माणसाला याचा आधार होतो, कारण लोक नाव ओळखून आत येतात. पण आपल्या तालुक्यात ते नाव कुणी ऐकलेच नसेल, तर आपण पैसे कशाचे देतो आहोत, हे आधी विचारा.

कंपनीला पैसे साधारण तीन वाटांनी जातात. पहिली, सुरुवातीची फी. ती बहुधा परत मिळत नाही. दुसरी, रॉयल्टी, म्हणजे दर महिन्याच्या विक्रीतला ठरलेला वाटा. तिसरी, माल. चीज, बेस, सॉस, खोकी कंपनीकडूनच आणि तिच्याच भावाने घ्यायची अट असू शकते. यातली रॉयल्टी नीट समजून घ्या. ती नफ्यावर नसते, विक्रीवर असते. दुकान तोट्यात गेले तरी ती द्यावीच लागते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

आता वही-पेन घ्या. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, आपले आपण घाला. समजा, एक पिझ्झा सरासरी १५० रुपयांना आणि रोज ३० विकले. महिन्याची विक्री झाली १,३५,०००. ऐकायला छान वाटते. आता वजा करू. माल ४० टक्के, म्हणजे ५४,०००. रॉयल्टी ६ टक्के, जीएसटीसह ९,५५८. दुकानभाडे १५,०००. वीज आणि गॅस १२,०००. दोन कामगारांचा पगार २०,०००. आठ लाखांचे कर्ज १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १७,८००. उरले ६,६४२ रुपये. दहा जणींत वाटले, तर प्रत्येकीला ६६४.

आणि रोज २०च विकले तर? महिन्याला सुमारे १७,००० तोटा. या हिशेबात रोज २७-२८ पिझ्झे खपले तर कुठे बरोबरी होते. म्हणून कंपनीचा माणूस पुण्या-मुंबईच्या दुकानाची विक्री सांगेल, ती ऐकून घ्या. पण आपल्या गावात आठवडी बाजार नसलेल्या दिवशी, भर पावसात, कॉलेजला सुट्टी असताना किती खपतील, तो आकडा धरा. दोन-तीन जणींनी दुकानाच्या नियोजित जागेजवळ आठवडाभर थांबून येणारी-जाणारी माणसे मोजली, तर त्याला एक पैसाही लागत नाही. लाईट गेल्यावर फ्रीजरमधल्या चीजचे काय, हेही तेव्हाच ठरवा.

करारावर सही करण्याआधी हे विचारा. करार किती वर्षांचा? नूतनीकरणाला पुन्हा फी आहे का? जवळच दुसऱ्याला दुकान देणार नाही, असे लिहून देता का? मध्येच बंद केले तर दंड किती? ओव्हन, फर्निचर कुणाचे राहणार? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, करार कुणाच्या नावे? कर्ज गटाच्या नावे आणि करार एकीच्या नावे असेल, तर पुढे भांडण ठरलेलेच. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदाच लागू होतो. म्हणजे कागदावर लिहिले तेच खरे. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत समजून घ्या, वकिलाला दाखवा, गटात ठराव करा आणि मगच सही. त्याच कंपनीची दोन-तीन दुकाने स्वतः जाऊन बघा, चालवणाऱ्यांशी बोला.

फसवणूकही होते. मोठ्या नावाची जाहिरात मोबाईलवर येते आणि "आजच नोंदणीचे पैसे भरा" म्हणतात. डॉमिनोजचेच बघा. त्यांचे भारतातले पहिले दुकान १९९६ साली दिल्लीत उघडले. आज त्यांची इथली दुकाने ज्युबिलंट फूडवर्क्स ही एकच कंपनी स्वतः चालवते, पुढे कुणाला फ्रँचायझी देत नाही. त्यामुळे त्या नावाने कुणी पैसे मागितले तर समजून जा. ऑनलाईन पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.

दुकान कुणाच्याही नावाचे असो, एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. सिलिंडर व्यावसायिकच हवा, घरगुती चालत नाही.

दुसरी वाटही आहे. पिझ्झा करायला शिकता येतो. एक छोटा ओव्हन घेऊन शनिवारी-रविवारी, बाजाराच्या दिवशी, वाढदिवसांच्या ऑर्डरवर आपल्याच गटाच्या नावाने सुरुवात करता येते. बिहारमध्ये जीविकाच्या गटांतल्या महिला सरकारी रुग्णालयांत 'दीदी की रसोई' चालवतात. केरळात कुटुंबश्रीच्या गटांची उपाहारगृहे आहेत. तिथे पाटी त्यांचीच आहे.

फ्रँचायझी वाईट, असे आम्ही म्हणत नाही. ओळखीचे नाव, स्वच्छ करार आणि पुरेसे गिऱ्हाईक असेल तर ती चालते. पण येत्या बैठकीत आधी तो हिशेब वहीत मांडा, प्रत्येकीला मोठ्याने वाचून दाखवा. ज्या मैत्रिणीला तो समजला नाही, तिला समजेपर्यंत अंगठा नाही आणि सहीही नाही.