उन्हाळी रोपे बाहेर केव्हा लावावीत?

संक्रांत झाली की थंडी ओसरली, हा हिशोब ग्वाल्हेरला चालत नाही. दिवस तिळातिळाने वाढू लागतो खरा, पण माती तितक्या लवकर तापत नाही. झिनिया, कोंबडा, काकडी यांची कोवळी रोपे तेव्हा बाहेर लावली, तर ती आठवडाभरात माना टाकतात.

होळीवर विसंबणेही सोयीचे नाही. तिथी चंद्राची, त्यामुळे 2018 मध्ये होळी 1 मार्चला पेटली, तर 2021 मध्ये 28 मार्चला. उशिराच्या होळीपर्यंत थांबले, तर रोपांनी नीट मूळ धरायच्या आतच ऊन भाजू लागते आणि पाठोपाठ लू येते.

म्हणून आम्ही रात्रीचे किमान तापमान बघतो. आठवडाभर ते 12-13 अंशांच्या खाली गेले नाही, की लावणी. बहुधा फेब्रुवारीच्या अखेरीस. दुपारच्या उबेला भुलू नये. फेब्रुवारीत पावसाची सर येऊन गेली, की आकाश निरभ्र होते, उत्तरेचा वारा सुटतो आणि पारा पुन्हा घसरतो. (इथला माळी ‘पाला पडेल’ म्हणाला, तर तो पानांबद्दल बोलत नसतो, दव गोठण्याबद्दल बोलत असतो. महाराष्ट्रातून आलेल्या नव्या सुना इथे हमखास फसतात.)

लावण्याआधी आठवडाभर रोपे सकाळी बाहेर, संध्याकाळी आत ठेवावीत. उघड्या गच्चीवर ती रात्री जास्त गारठतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत मात्र दिवसाची ऊब टिकते, तिथे चार दिवस आधी लावली तरी चालते. थोडी रोपे आत राखून ठेवावीत.