घरपट्टीची हरकत आणि वकिलाची वेळ

महापालिकेच्या करआकारणी खात्याची वाढीव आकारणीची नोटीस हाती पडली म्हणजे बहुतेक गृहस्थ प्रथम आकडा पाहतात, मग कारभाऱ्यांना चार शब्द सुनावतात आणि अखेरीस तो कागद वीजबिलांच्या गठ्ठ्यात खोचून ठेवतात. पुढे थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढून जप्तीची भाषा सुरू झाली, की त्यांना वकिलाची आठवण होते. तोवर कायद्याने दिलेल्या मुदती बहुधा उलटून गेलेल्या असतात.

मुंबईखेरीज राज्यातील महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात घरपट्टीचा परंपरागत पाया म्हणजे करयोग्य मूल्य. अर्थात वास्तू वर्षभरासाठी भाड्याने दिली असता वाजवीपणे जे भाडे अपेक्षिता येईल, त्यातून दुरुस्ती वगैरेंबद्दल १० टक्के वजा जाता उरणारी रक्कम. महिना १०,००० रुपये भाडे धरले, तर वर्षाचे १,२०,००० आणि करयोग्य मूल्य १,०८,०००. कराचा दर पालिकेचे सभागृह ठरवते, आणि त्याच्याशी एकट्या घरमालकाने झुंजण्यात फारसे हशील नाही. हा अंदाज कोणत्या क्षेत्रफळावर, कोणत्या वापरावर आणि कोणत्या तारखेपासून बांधला, हाच खरा वादविषय.

चुका होतात त्या येथेच. पुढच्या खोलीत शिकवणी चालते एवढ्यावरून सबंध घर बिगरनिवासी म्हणून नोंदले जाते, मोजणीत सामाईक जिना एकाच्याच माथी पडतो, किंवा भोगवटा पत्राच्या पूर्वीचा काळही आकारणीत ओढला जातो. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घरास मिळणारी, मध्यंतरी बंद होऊन २०२३ साली पुन्हा लागू झालेली ४० टक्क्यांची सवलत केवळ ‘पीटी-३’ अर्ज न दिल्यामुळे अनेकांच्या पदरी पडली नाही. अशा कामी वकील कशाला हवा? अर्ज, राहत असल्याचा पुरावा आणि खात्यातील दोन-चार खेपा पुरतात.

परंतु क्षेत्रफळ किंवा वापर याविषयी खात्याशी खरोखरच मतभेद असेल, तर जाणत्या वकिलाची मसलत हरकतीच्या टप्प्यावरच घ्यावी. अशा सुनावणीत वक्तृत्वाला वाव थोडा असतो. वकिलाचे मोल आहे ते दफ्तर उभे करण्यात. आकारणी पुस्तकातील उताऱ्याची नक्कल, मंजूर नकाशा, वास्तुशास्त्रज्ञाने केलेली मोजणी, इंडेक्स-टू आणि त्याच इमारतीतील शेजारच्या सदनिकांचे नोंदणीकृत भाडेकरार ही सामग्री हरकतीसोबतच जोडली गेली आणि तिची पोच मिळाली, म्हणजे अधिकाऱ्याला तिच्याकडे काणाडोळा करणे अवघड जाते, आणि केलाच, तर तो काणाडोळाच अपिलातील पहिला मुद्दा होतो.

अपील कलम ४०६ खाली चालते : पुण्यात लघुवाद न्यायालयापुढे, अन्यत्र दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्यापुढे. करयोग्य मूल्याविरुद्धच्या अपिलास आयुक्तांकडे आधी तक्रार करून तिचा निकाल लागलेला असावा लागतो, त्यानंतर मुदत अवघी १५ दिवसांची असते, आणि वादातील कराची रक्कम पालिकेकडे भरावी लागते. याच कायद्याच्या गुजरातेतील अशाच अटीला अहमदाबादच्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले आहे; तरीही, ज्याला आकारणीच अन्यायाची वाटते त्याने प्रथम ती भरावी आणि मग दाद मागावी, हा शिरस्ता मध्यमवर्गीय करदात्यास जाचक आहे, असे मला वाटते.

मुंबईचा कायदा १८८८ चा, अपील तेथील लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे, आणि २०१० पासून आकारणी भांडवली मूल्यावर. आकारणीचा नियमच सदोष असेल, तर मार्ग उच्च न्यायालयाचा. मोकळ्या जमिनीचे मूल्य ठरवताना भविष्यातील बांधकामक्षमता हिशेबात धरणारे पालिकेचे नियम मालमत्ताधारकांच्या संघटनेने असेच आव्हानित केले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. अशी लढाई संघटनेने लढावी. एकट्याने त्या खर्चात पडू नये.

वकिलाची फी आणि वादातील रक्कम यांचा ताळा आरंभीच मांडावा. त्याहीपूर्वी, नोटीस मिळाली त्याच दिवशी तिच्यावर तारीख टाकावी, पाकीट जपून ठेवावे आणि मुदत संपण्यापूर्वी लेखी हरकत देऊन पोचपावती घ्यावी.