गिरणगावचा हरताळ आणि ब्रिटनची ओसरती सत्ता

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल प्रशिक्षण केंद्रातील खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध काम बंद केले. बघता बघता हे लोण कराचीपर्यंत पोहोचले आणि ७८ जहाजांवरचे व किनाऱ्यावरच्या तळांवरचे मिळून सुमारे २०,००० नौसैनिक त्यात उतरले. मुंबई बंदरात जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे चढले. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्समध्ये, म्हणजे आजच्या ‘आयएनएस आंग्रे’त, लष्कर आणि नौसैनिक यांच्यात गोळीबार झाला. सगळे नौदल नष्ट झाले तरी चालेल, पण बंड मोडून काढू, अशी धमकी नौदलप्रमुख गॉडफ्रे यांनी रेडिओवरून दिली.

दुसऱ्या दिवशी नौसैनिकांच्या पाठिंब्यासाठी कम्युनिस्ट पक्षाने हरताळाची हाक दिली. काँग्रेस आणि लीग या दोघांचा विरोध असूनही लालबाग-परळच्या गिरण्या ओस पडल्या आणि कामगार रस्त्यावर आले. परळला गोळीबारात कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे ठार झाल्या, तर त्यांच्या सहकारी कुसुम रणदिवे जखमी झाल्या. शहरात एकूण दोनशेहून अधिक माणसे मेली. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला नौसैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली.

या उठावानेच इंग्रज गेले, असे म्हणणे सोपे आहे. तारखा मात्र साथ देत नाहीत. सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी ब्रिटिश मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ भारतात पाठवण्याची घोषणा लंडनमध्ये १९ फेब्रुवारीलाच झाली आणि तो निर्णय त्याआधीचा होता. महायुद्धाने ब्रिटनची तिजोरी रिकामी केली होती. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागत होते, आणि एके काळचा ऋणको भारत आता ब्रिटनचा सावकार झाला होता. मुंबईने दाखवून दिली ती वेगळीच गोष्ट. पूर्वेकडे ब्रिटनचा दरारा हिंदी सैन्याच्या जिवावर होता. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्य पंचवीस लाखांपर्यंत वाढले होते. ते हुकूम पाळेलच, याची खात्री आता उरली नाही.

स्वातंत्र्यानंतर, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची शेवटची ब्रिटिश पलटण गेटवे ऑफ इंडियातून मायदेशी निघाली. १९५६मध्ये अमेरिकेने डोळे वटारताच ब्रिटनला सुएझमधून माघार घ्यावी लागली. १९६८मध्ये सुएझच्या पूर्वेकडचे लष्करी तळ आवरण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि १९७१च्या अखेरीस इराणच्या आखातातूनही ब्रिटिश फौजा निघाल्या.

भारत आणि ब्रिटन यांचे नंतरचे नाते पैशाचे राहिले, आणि त्याची दिशा बरीच उलटी झाली. फोर्टातल्या बॉम्बे हाऊसमधून कारभार चालवणाऱ्या टाटा समूहाने २०००मध्ये टेटली चहा, २००७मध्ये कोरस पोलाद आणि २००८मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतले. कोरसबरोबर आलेल्या वेल्समधील पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२४मध्ये बंद झाली. तिथे विजेची भट्टी उभारण्यासाठी टाटांना ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंडांचे अनुदान देऊ केले आहे.