माणसे सांभाळणाऱ्यांचे शिक्षण

यंत्र बिघडले म्हणजे कारखान्यात मिस्त्रीला बोलावतात; हिशेब चुकला म्हणजे मुनिमाला जाब विचारतात. परंतु माणूस रुसला, खचला किंवा दुखावला गेला, तर कोणास बोलवावयाचे, हा प्रश्न आपल्या उद्योगधंद्यांत पुष्कळ काळ कोणी विचारलाच नाही. माणसे सांभाळणे हे काम कोणालाही येते, त्यास वेगळे शिक्षण कशाला, अशी आपली समजूत होती. ही समजूत कितपत खरी आहे, आणि नांदेड-लातूरकडील उद्योगांच्या दृष्टीने तिचा विचार आज का करावयास हवा, हे थोडक्यात सांगण्याचा माझा हेतू आहे.

आपल्या मराठवाड्यात माणसे जमविणारा आणि राबविणारा पुरुष म्हणजे मुकादम. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी तो गावोगाव फिरतो, उचल देतो, कोयत्यांची टोळी बांधतो आणि ती कारखान्याच्या शिवारात नेऊन सोडतो. त्याच्यापाशी वक्तृत्व असते, माणसांची पारख असते, संकटप्रसंगी निर्णय घेण्याचे धैर्यही असते. मग त्यास पुढारी का म्हणू नये? कारण एवढेच की, टोळी त्याच्यामागून चालते ती विश्वासाने नव्हे, उचलीच्या ओझ्याने. कर्जाने बांधलेला मनुष्य बरोबर येतो. परंतु तो अनुयायी नसतो.

मुंबईच्या कापडगिरण्यांतही अशीच स्थिती होती. तेथे जॉबर नोकरी देई, जॉबरच ती काढून घेई, आणि दोन्ही वेळा त्याचा हात ओला करावा लागे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि नोकरभरतीची सत्ता जॉबरच्या हातून काढून स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे द्यावी, अशी शिफारस केली. पुढे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था होय. तिची एक शाखा आपल्या शेजारी तुळजापूर येथे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेने ही मर्यादा अडीचशेवर आणली आहे. अर्थात जे मध्यम कारखाने आजवर या बंधनाबाहेर होते, त्यांनाही आता असा अधिकारी शोधावा लागेल. म्हणून हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याचा राहिला नाही. तो आपल्या दाराशी आला आहे.

आता या अधिकाऱ्याची अडचण पाहा. पगार तो मालकाकडून घेतो, आणि विश्वास मात्र त्याला कामगारांचा हवा असतो. मालकास वाटते, हा कामगारांचा वकील. कामगारांस वाटते, हा मालकाचा हस्तक. पदवी घेताना त्याने कायदा वाचलेला असतो, वेतनाचे नियम पाठ केलेले असतात. परंतु दोन्ही बाजू संशयाने पाहत असता मधोमध ताठ कसे उभे राहावे, हे त्याला कोणत्या पुस्तकात सापडणार?

लातूरची कीर्ती परीक्षेतील यशाबद्दल सर्वत्र आहे, आणि ती कष्टाने मिळविलेली आहे. तथापि परीक्षेतील प्रश्नाचे उत्तर कोणास तरी आधीच ठाऊक असते. कारखान्याच्या फाटकात उभ्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणासच ठाऊक नसते. ते सर्वांनी मिळून घडवावे लागते. म्हणून नोकरीत मुरलेल्या अधिकाऱ्यांचे शिक्षण विद्यार्थ्यांच्या शिक्षणाहून वेगळ्या रीतीने करावे लागते.

अशा शिक्षणाचे भारतातील एक जुने केंद्र आपल्या पूर्वीच्या राजधानीतच आहे. १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला त्याच वर्षी, हैदराबादेस ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया स्थापन झाले. बेला व्हिस्टा नामक ज्या वाड्यात एके काळी निझामाचे युवराज राहत, तेथे कारखान्यांचे, सरकारी खात्यांचे आणि सार्वजनिक उद्योगांचे अधिकारी शिकावयास येऊ लागले. इंग्लंडातील हेन्ले येथील संस्थेचा नमुना त्यासाठी घेतला होता.

तेथील पद्धत अशी की, सुमारे दहा अधिकाऱ्यांचा एक गट करावयाचा, त्यात निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसे घालावयाची आणि त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवावयाचा. प्रत्येक विषयास अध्यक्ष निराळा, चिटणीस निराळा. समजा, रात्रपाळीस कामगार येत नाहीत, असा प्रश्न आहे. कारखान्याचा अधिकारी म्हणेल, दंड वाढवा. हिशेबनीस म्हणेल, भत्ता वाढविणे परवडत नाही. तिसरा विचारील, रात्री घरी जाण्यास वाहन आहे काय? अध्यक्षास तेथे कोणावर हुकूम चालविता येत नाही, कारण कोणीच त्याचा नोकर नसतो. सर्वांचे ऐकून, मतभेद न दडविता, ठरल्या वेळेत एक निवेदन त्यास तयार करावे लागते आणि इतर गटांपुढे त्याचे समर्थन करावे लागते. हुकुमाचा आधार काढून घेतला असता मनुष्याजवळ जे उरते, ते त्याचे खरे नेतृत्व. ते किती आहे, हे त्याला तेथे प्रथमच कळते.

दुसरी विद्या ऐकण्याची. अमेरिकेत शिकागोनजीक हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. आरंभ झाला तो दिव्यांचा उजेड वाढविल्याने काम वाढते काय, या साध्या प्रश्नापासून. शेवटी वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्नांची यादी बाजूस ठेवली आणि कामगारास हवे ते बोलू दिले, तेव्हाच उपयोगी माहिती हाती येऊ लागली. त्या प्रयोगांच्या निष्कर्षांवर विद्वानांचा वाद आहे. परंतु तक्रारीच्या शब्दांमागे दुसरीच व्यथा असू शकते, हा धडा टिकून राहिला. आपल्याकडेही १९७५ च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांच्या सल्ल्याने लार्सन अँड टूब्रो कंपनीने मनुष्यबळ विकासाचे स्वतंत्र खाते उघडले. माणूस हा केवळ खर्चाच्या रकान्यातील आकडा नसून त्याची वाढ करता येते, हा विचार त्यामुळे येथे रुजला.

यावर मालकांचा एक आक्षेप असतो: अधिकारी आठ दिवस शिकून येतो, नवे शब्द बोलू लागतो, आणि पंधरा दिवसांत पुन्हा पहिल्यासारखा होतो, मग पैसा का घालवावा? आक्षेप खोटा नाही. परंतु दोष पुष्कळदा शिक्षणाचा नसून परतल्यानंतरच्या वागणुकीचा असतो. शिकून आलेल्याने कामगारांची सभा घेतो म्हटले आणि वरिष्ठांनी ‘आधी हजेरीपत्रक पुरे करा’ असे उत्तर दिले, तर शिकलेले कोठे टिकावे?

म्हणून व्यवहार्य मार्ग असा. नांदेड येथे १९९४ पासून विद्यापीठ आहे, लातुरास त्याचा उपपरिसर आहे. कृष्णूरचे कारखाने, लातूरच्या डाळगिरण्या आणि दोन्ही जिल्ह्यांतील साखर कारखाने यांनी मिळून अधिकाऱ्यांचा एक गट करावा. गाळप आटोपल्यावर उन्हाळ्यात एक आठवडा एकत्र शिक्षण घ्यावे. प्रत्येकाने आपल्या कारखान्यातील एक खरा प्रश्न बरोबर आणावा. तीन महिने त्यावर काम करून पुन्हा एकत्र जमावे आणि काय साधले, काय फसले, ते मोकळेपणाने सांगावे. मुख्य म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मालकांनी किंवा कार्यकारी संचालकांनी स्वतः हजर राहावे.

ज्या जिल्ह्यांतून दरवर्षी हजारो माणसे उचल घेऊन परमुलखी जातात, तेथे माणसे कशी वागवावी हा प्रश्न शोभेचा नव्हे. मुकादमाची जागा केवळ नव्या हुद्द्याच्या मुकादमाने घेतली, तर कायद्याचे अक्षर पाळले जाईल, एवढेच. कामगार आपली अडचण न भिता सांगू लागला आणि अधिकारी ती तितक्याच निर्भयपणे मालकाच्या खोलीत नेऊ लागला, म्हणजे हे शिक्षण सार्थकी लागले असे समजावे.