आंतरराष्ट्रीय संबंधांचे घरबसल्या अध्ययन

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अध्ययनासाठी १९५५ साली दिल्लीत स्वतंत्र संस्था निघाली, तेव्हापासून हा विषय राजधानीचाच मानला गेला. वास्तविक बांगलादेशाने कांद्यावरील आयातशुल्क वाढविले की त्याचे पडसाद लासलगावच्या बाजारात उमटतात. आता तालुक्यातील शिक्षकालाही नोकरी सांभाळून या विषयात पदव्युत्तर अध्ययन करता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या राज्यशास्त्र एम.ए. अभ्यासक्रमात तो समाविष्ट आहे. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द येथे कळीचा! नुसते विद्यापीठाचे नाव मोठे असून भागत नाही. त्या सत्रासाठी त्याच अभ्यासक्रमाला मान्यता आहे काय, हे शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या यादीत पाहावे.